‘डिस्टर्ब’ला मराठीत काय म्हणाल?

 

आज खरं तर एकाच क्रियापदावर बोलायचं ठरवलं होतं, ‘भंडावणे’. पण टिपणं काढायला बसले आणि त्याच्या मागोमाग त्याची सगळी भावंडं दारात येऊन उभी राहिली. सतावणे, छळणे, पिच्छा पुरवणे, तगादा लावणे, टुमणं लावणे. म्हटलं, या सगळ्यांनाच आज आत घेऊ या.

सुरुवात घरातल्या एका गोष्टीने करते. तिच्यात चूक माझी आहे, म्हणून आणखी कुणाचं नाव घेत नाही.

माझी मुलगी तेव्हा पाचवीत, म्हणजे इथल्या भाषेत ‘पी फाइव्ह’ला होती. एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, “आई, बसमधला एक मुलगा मला रोज डिस्टर्ब करतो.” मी मान वर न करता म्हटलं, “मुलं करतातच गं. लक्ष नको देऊस.” आठवड्याभराने पुन्हा तेच वाक्य, आणि माझंही पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा तिने मला सांगितलंच नाही. हे मला कसं कळलं, ते शेवटी सांगते. आधी त्या ‘डिस्टर्ब’कडे बघू.

तुम्ही सिंगापूरात चार महिने जरी राहिला असाल, तरी हा शब्द किती राबतो हे तुम्हाला ठाऊक असेल. मित्राने गंमत केली, डिस्टर्ब. धाकट्या भावाने पेन्सिल पळवली, डिस्टर्ब. कुणी अभ्यास करताना मोठ्याने गाणं लावलं, डिस्टर्ब. आणि कुणी खरोखर जीव नकोसा केला, तरीही डिस्टर्बच. त्याच्या जोडीला मलय भाषेतला ‘काचाउ’ आहे. “डोन्ट काचाउ मी” हे इथल्या मुलांच्या तोंडी कुठल्याही खेळाच्या मैदानावर ऐकू येतं.

हा ‘काचाउ’ मोठा मजेदार शब्द आहे. त्याचा एक साधा अर्थ आहे ढवळणे. हरी रायाच्या आधी मलय घरांत दोदोल करतात. नारळाचं दूध, गूळ आणि तांदळाचं पीठ मोठ्या कढईत घालून तासन्‌तास हलवत राहायचं, हात थांबला की खाली लागलंच. ते हलवणं म्हणजे काचाउ. आणि एखाद्याला त्रास देणं, त्याच्या कामात लुडबुड करणं, तेही काचाउच. आता आपल्याकडे बघा. आमटी ढवळायची, आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसलं की ती ‘ढवळाढवळ’. दोन भाषांचा एकमेकींशी काही नातेसंबंध नाही, पण दोघींनाही शांत भांड्यात कुणीतरी पळी घातली की कसं वाटतं, ते एकाच चित्रातून दिसलं.

आता भंडावण्याकडे येऊ.

“पोरांनी मला भंडावून सोडलं.” हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. त्यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, भंडावायला एकाने भागत नाही. कुणी एक प्रश्न एकदा विचारला तर त्याने तुम्हाला भंडावलं असं आपण म्हणत नाही. प्रश्नांची सरबत्ती हवी, फोनवर फोन हवेत, नाहीतर एकाच प्रश्नाचे पन्नास फेरे हवेत. दुसरी गोष्ट म्हणजे मागून येणारं ‘सोडणे’. नुसतं ‘भंडावलं’ आपण क्वचित म्हणतो, ‘भंडावून सोडलं’ हेच जिभेवर येतं. ‘हैराण करून सोडलं’, ‘जीव नकोसा करून सोडला’ हीही त्याच घडणीची वाक्यं. शब्द ‘सोडणे’, पण इथे कुणी कुणाला सोडत नसतं! क्रिया पार टोकाला नेली, समोरच्यात काही शिल्लक ठेवलं नाही, असं ते ‘सोडणे’ सांगतं. आणि समोरच्याच्या बाजूने बोलायचं असेल तर ‘मी भंडावून गेले’.

तरीही भंडावण्यात सहसा वैर नसतं. चार वर्षांचं पोर ‘का? का? का?’ करून भंडावतं. लग्नघरी पाहुणे भंडावतात. नवी नोकरी लागली की नातेवाईक पगाराच्या प्रश्नांनी भंडावतात. आपण दमतो, चिडतो, आणि रात्री तीच गोष्ट हसत सांगतो.

याच घरगुती पायरीवर आणखी काही शब्द बसलेले आहेत. मुलाने एखाद्या वस्तूचा ध्यास घेतला की ते ‘टुमणं लावतं’. सारखं हळू आवाजात मागत राहिलं की ‘भुणभुण’. तीच रडक्या सुरात गेली की ‘पिरपिर’, चिडखोर झाली की ‘किरकिर’. मोठ्यांनी केली की ‘कटकट’. आवाजावरून तयार झालेले शब्द आहेत हे, आणि किती नेमके! शेजारच्या खोलीतून नुसता सूर ऐकूनही आई सांगू शकते की ही भुणभुण आहे की पिरपिर. आणि एखादा माणूस उत्तर घेतल्याशिवाय उठायलाच तयार नसला, तर तो ‘खनपटीला बसतो’.

आता एक जोडी सांगते. तुमच्यापैकी जे ऑफिसात ‘फॉलो-अप’ हा शब्द दिवसातून वीसदा वापरतात, त्यांच्यासाठी खास. ‘पिच्छा पुरवणे’ आणि ‘पाठपुरावा करणे’. दोन्हींत कुणाच्या तरी मागे जाणं आहे, आणि दोन्हींत ‘पुरवणे’ आहे, म्हणजे शेवटापर्यंत नेणं. घडण एक, पण एक तक्रार आणि दुसरं कौतुक. ग्रामपंचायतीच्या सदस्याने नळयोजनेसाठी पाच वर्षं खेटे घातले, की बातमीत येतं, ‘त्यांच्या पाठपुराव्याला यश’. ज्या अधिकाऱ्याच्या टेबलासमोर ते खेटे घातले, तो घरी जाऊन म्हणत असेल, ‘या माणसाने माझा पिच्छाच पुरवलाय.’ म्हणजे त्रास आहे की चिकाटी, हे पुष्कळदा मागे लागणाऱ्याच्या पायांवरून ठरत नाही. ज्याच्या मागे तो लागला आहे, त्याला विचारावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

इथून पुढची पायरी जरा चढणीची आहे. ‘तगादा’. हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, हिंदीत त्याचंच ‘तकाज़ा’ झालं. मूळ गोष्ट पैशाची. देणं थकलं की तगादा सुरू. आज आपण ‘लग्नाचा तगादा’, ‘नातवंडांचा तगादा’ असंही म्हणतो, पण महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत हा शब्द अजून त्याच्या मूळ जागी, फार दुःखद बातम्यांत भेटतो: ‘कर्जवसुलीच्या तगाद्याला कंटाळून’. त्या तीन शब्दांपुढे काय येतं, ते तुम्हाला माहीत आहे.

तगाद्याचा एक जुना प्रकार होता ‘धरणे’. आज धरणे म्हटलं की कलेक्टर कचेरीसमोरचा मांडव आणि घोषणा डोळ्यांसमोर येतात. पूर्वी धनको कर्जदाराच्या दारात ठाण मांडून बसायचा. स्वतः जेवायचा नाही, आणि रिवाजाप्रमाणे दारामागच्या कर्जदारालाही जेवता यायचं नाही. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ साली लिहिलेल्या पत्रांत या प्रथेचं वर्णन केलं आहे. पुढे १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ५०८ आलं. तुमच्यावर देवाचा कोप होईल अशी भीती घालून काही करवून घेणं हा त्यात गुन्हा ठरवला, आणि उदाहरण दिलं ते कुणाच्या तरी दारात धरणे धरून बसण्याचं. इंग्रजी कायद्यात आपला शब्द जसाच्या तसा!

आणि गंमत बघा, त्याच भारतीय दंडसंहितेच्या नमुन्यावर १८७१ मध्ये स्ट्रेट्स सेटलमेंट्सची, म्हणजे सिंगापूर, पेनांग आणि मलाक्काची दंडसंहिता तयार झाली. आज आपण राहतो त्या देशाचा फौजदारी कायदा आणि आपल्या आजोबांच्या गावचा फौजदारी कायदा एकाच घरातले आहेत.

दारात बसणं इथेही संपलेलं नाही, फक्त रूप बदललं. एचडीबीच्या एखाद्या ब्लॉकमध्ये भिंतीवर लाल रंगात ‘ओ डॉलर, पी डॉलर’ लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. त्याचा अर्थ ‘ओ मनी, पे मनी’. घेतलंस, आता दे. बेकायदा सावकारांना इथे ‘आ लाँग’ म्हणतात, आणि हा त्यांचा तगादा. धरणे धरणारा निदान स्वतः उपाशी बसायचा. हे रंग फासून पळून जातात, आणि पुष्कळदा भिंतीमागे राहणाऱ्याचा त्या कर्जाशी काही संबंधही नसतो.

तगाद्याहून चिवट शब्द एकच, ‘ससेमिरा’. ‘चौकशीचा ससेमिरा मागे लागला’ हे तर आपल्या बातम्यांचं ठरलेलं वाक्य. लहानपणी मला वाटायचं, यात ससा आहे आणि मीरा आहे. दोघंही नाहीत. ही एका गोष्टीतली चार अक्षरं आहेत. सिंहासन बत्तिशीच्या परंपरेतली ही गोष्ट अशी.

एक राजपुत्र शिकारीला गेला आणि वाघ मागे लागला म्हणून झाडावर चढला. झाडावर अस्वल होतं. अस्वलाने त्याला आसरा दिला. रात्री राजपुत्र झोपला तेव्हा खालून वाघ अस्वलाला म्हणाला, “त्याला खाली ढकल.” अस्वल म्हणालं, “शरण आलेल्याला ढकलणार नाही.” मग अस्वल झोपलं. वाघाने राजपुत्राला तेच सांगितलं, आणि राजपुत्राने ढकललं! अस्वल फांदीला धरून वाचलं, पण त्याच्या शापाने राजपुत्र वेडा झाला. त्याच्या तोंडून एवढंच यायचं: स, से, मि, रा. वैद्य थकले. शेवटी एका विद्वानाने पडद्याआडून चार श्लोक म्हटले, त्यांची पहिली अक्षरं हीच चार. त्या श्लोकांत विश्वासघाताच्या पापाची गोष्ट होती, आणि एकेक श्लोक झाला की एकेक अक्षर गळून पडलं. चौथ्या श्लोकाला राजपुत्र शुद्धीवर आला.

म्हणजे ससेमिरा सुटला तो औषधाने नाही. घडलं ते नाव घेऊन, नेमकं सांगितलं गेलं, तेव्हा सुटला.

आता उरली दोन क्रियापदं, ‘सतावणे’ आणि ‘छळणे’.

सतावायला गर्दी लागत नाही. “एकच प्रश्न मला सतावतोय” हे अगदी बरोबर मराठी आहे. एक डास रात्रभर सतावतो, पण डासांचा थवा असला तर तो भंडावून सोडतो. सतावणं आत चालतं. चिंता सतावते, शंका सतावते. समोरच्याला पत्ताही नसतो.

छळण्याचं तसं नाही. ‘आठवणी छळतात’ असं आपण म्हणतो खरं, पण माणसाने माणसाला छळलं म्हटलं की त्यात हेतू आला, आणि बहुतेक वेळा ताकदीतला फरकही आला. सासरी छळ झाला. तुरुंगात छळ झाला. भारतात २०१३ साली आलेल्या कायद्याच्या मराठी नावातही ‘कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ’ असेच शब्द आहेत. तिथे ‘भंडावणे’ चाललंच नसतं.

इथे आपल्या मुलांसाठी एक खाचखळगा आहे. सिंगापूरच्या शाळांत मराठी ही मातृभाषा म्हणून घेता येत नाही, म्हणून आपली बरीच मुलं हिंदी घेतात. हिंदीत ‘छल’ म्हणजे कपट, फसवणूक. संस्कृतातही तेच. मराठीत तोच शब्द ‘छळ’ झाला आणि त्याचा अर्थ यातनेकडे सरकला. तेव्हा मुलांनी हिंदीच्या पुस्तकातला ‘छल’ वाचून तुम्हाला विचारलं, तर हे सांगा.

मग भंडावणं संपून छळ कुठे सुरू होतो? सिंगापूरने याचं उत्तर कायद्यात लिहून ठेवलं आहे. ‘प्रोटेक्शन फ्रॉम हॅरॅसमेंट ॲक्ट’ नोव्हेंबर २०१४ पासून लागू आहे. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला म्हणतात ‘पोहा’. हसू नका, कांदा-बटाटा काही नाही त्यात. या कायद्यात पाठलागाचा, म्हणजे ‘स्टॉकिंग’चा, स्वतंत्र गुन्हा आहे. पाच हजार डॉलरपर्यंत दंड, बारा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जून २०२१ पासून या तक्रारींसाठी वेगळं न्यायालयही आहे.

मी काही वकील नाही. पण त्या कलमाखाली दिलेली उदाहरणं मी वाचली, आणि त्यातलं एक मनात राहिलं. एक माणूस दुसऱ्या व्यक्तीला रोज फुलं पाठवतो, तिने ‘नको, थांबव’ असं सांगितल्यावरसुद्धा. बस, एवढंच. फुलं! शिवी नाही, धमकी नाही. तरी तो पाठलाग. दुसऱ्या एका उदाहरणात एक जण वर्गातल्या व्यक्तीचे नको तसे फोटो इतर मुलांत पुन्हा पुन्हा फिरवतो. काय पाठवलं हे कायदा बघतोच, पण त्याबरोबर किती वेळा आणि किती दिवस हेही बघतो, आणि समोरच्यावर त्याचा काय परिणाम झाला हेही.

आता माझ्या स्वयंपाकघरात परत येते.

दर रविवारी आमचा सांगलीला व्हिडिओ कॉल असतो, माझ्या आईला. त्या रविवारी मी भाजी निवडत होते आणि लेक आजीशी बोलत होती. बोलता बोलता तिने आजीलाही तेच वाक्य सांगितलं, “आजी, बसमधला मुलगा डिस्टर्ब करतो.” आजीला इंग्रजी बेताचंच येतं. ती म्हणाली, “डिस्टर्ब म्हंजे काय करतो गं? भंडावतो, का छळतो?”

लेकीला दोन्ही शब्द नवे. ती गप्प. मग आजीने एकेक विचारलं. “नेमकं काय करतो, ते सांग.” “किती वेळा करतो?” “तू थांब म्हणालीस का? मग थांबला का?”

आणि मी भाजी निवडता निवडता ऐकलं. तो तिचा बसमध्ये डुलकी लागल्यावर व्हिडिओ काढायचा. वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा. रोज. जवळजवळ दोन महिने. तिने थांब म्हटलं होतं, पाच-सहा वेळा. तो थांबला नव्हता, उलट ‘थांब’ म्हणतानाचाही व्हिडिओ टाकला होता. “आईला सांगितलंस का?” आजीने विचारलं. “सांगितलं ना,” लेक म्हणाली. “आई म्हणाली, मुलं करतातच.”

आजी म्हणाली, “बाळ, हा छळ आहे.” मग जरा थांबून, “फोन आईकडे दे.”

माझ्या आईने मला काय ऐकवलं, ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गशिक्षिकांना भेटले. आजीच्या तीन प्रश्नांची तीन उत्तरं त्यांच्यासमोर ठेवली: काय, किती वेळा, आणि थांब म्हटल्यावर काय झालं. ‘डिस्टर्ब’ हा शब्द मी वापरला नाही. त्यांनी त्याच दिवशी हालचाल केली. व्हिडिओ गेले, बसमधली जागा बदलली, आणि त्या मुलाशी आणि त्याच्या आईवडिलांशी बोलणं झालं. नंतर त्याची आई मला भेटली. तिचे डोळे भरलेले होते. म्हणाली, “तो घरी सांगायचा, मी एका मुलीला डिस्टर्ब करतो. आम्हाला वाटलं, मस्ती.” श्रोतेहो, तिच्याही घरी तोच एक शब्द पोचला होता, आणि तिनेही माझ्यासारखीच मान वर केली नव्हती.

म्हणून आज तुमच्याकडे एक विनंती आहे. मुलांनी घरी येऊन ‘डिस्टर्ब’ म्हटलं, ‘काचाउ’ म्हटलं, ‘परेशान’ म्हटलं, तर तिथेच थांबू नका. चिडवतो का? खोड्या काढतो का? भंडावतो का? की छळतो? हे शब्द मुलांना येत नसतील तर आजीचे तीन प्रश्न विचारा, ते कुठल्याही भाषेत विचारता येतात. आणि उत्तर काय आलं त्यावरून शब्द तुम्ही द्या. मुलांना एकदा शब्द मिळाला की पुढच्या वेळी ती स्वतःच सांगतात.

आमच्याकडे परवाच झालं. लेक आता सेकंडरीत आहे. खोलीतून ओरडून म्हणाली, “आई, दादा मला भंडावतोय!” मी हातातलं काम टाकून उठले. ती हसली. म्हणाली, “अगं, भंडावतोय म्हटलं. बस तू.”

आणि मी बसले, निवांत.

तुमच्या गावाकडे याच अर्थाचा आणखी कुठला शब्द असेल, कोकणातला, खानदेशातला, विदर्भातला, बेळगावचा, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात तो सगळ्यांना ऐकवू. आणि हो, शब्द पाठवायला उशीर केलात, तर आम्ही पाठपुरावा करू. पिच्छा पुरवणार नाही!